रानगुलाब आणि आपला कॉरिडॉर

(मंडळाच्या एका रविवारच्या कार्यक्रमात केलेलं हे भाषण. दिवाळी अंकासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, पण बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



विषय ‘रानगुलाब आणि त्यांची निगा’ असा जाहीर झाला आणि लगेच दोघा-तिघांचे फोन आले. "अहो, पण सिंगापूरमध्ये रानगुलाब आहेत तरी कुठे?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरळ आहे. सिंगापूरच्या रानात मूळचा एकही गुलाब नाही. जगात गुलाबाच्या दीडशेच्या आसपास रानटी जाती मानतात. त्या सगळ्या उत्तर गोलार्धातल्या आहेत, आणि बहुतेक थंड किंवा निदान हिवाळा असलेल्या मुलखातल्या. आपण इथे विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर राहतो. गुलाबाच्या दृष्टीने हे गाव वेशीबाहेरचंच!

मग हा विषय कशाला? सांगते. इथे आल्यापासून एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. "माझ्या हाताला झाडच लागत नाही हो." विचारलं की कळतं, झाड म्हणजे गुलाब. चायनीज न्यू इयरच्या आधी नर्सरीत टपोऱ्या फुलांच्या कुंड्या मांडलेल्या असतात. आपण हौसेने एक उचलतो, गणपतीपुढे घरचं फूल ठेवायचं म्हणून. पहिले दोन आठवडे फुलं येतात. मग पानांवर काळे ठिपके, मग पानं पिवळी, आणि दोन-तीन महिन्यांत कुंडीत चार काड्या उभ्या. आपण दुसरी कुंडी आणतो. तिचंही तेच. तिसऱ्या कुंडीनंतर आपण स्वतःलाच बोल लावतो.

तर आज मला सांगायचं आहे ते एवढंच की दोष तुमच्या हाताचा नाही. ते झाड कुठल्या घराण्यातलं आहे हे न बघता आपल्याला विकलं जातं. लग्न जमवताना आपण सात पिढ्या बघतो, गुलाब आणताना फक्त फूल बघतो! गुलाबाच्या सात पिढ्या बघायच्या तर रानगुलाबापर्यंत जावं लागतं. म्हणून हा विषय.

रानगुलाब म्हणजे कोण?

आपल्यापैकी नाशिक-पुण्याकडच्या मंडळींनी रानगुलाब नक्की पाहिलाय, फक्त ओळखला नाही. बागेतल्या कलमी गुलाबाला बुडातून एखादा जोमदार, हिरवागार फुटवा येतो आणि माळीबुवा म्हणतात, "तो रानटी आहे, काढून टाका." तोच! आपले बरेचसे बागेतले गुलाब हे दोन झाडांचं एकत्र कुटुंब असतं. वर डोळा भरलेली नाजूक जात, खाली कणखर खुंट. हा खुंट रानगुलाबाच्या जवळचा असतो. सात पानांचा फुटवा म्हणजे रानटी असं म्हणतात, पण त्यावर फार भरवसा ठेवू नका. काही चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फुटवा डोळ्याच्या वरून आलाय की खालून, ते बघा. खालून आला असेल तर कात्रीने न कापता मुळाशी धरून ओढून काढा, म्हणजे पुन्हा फुटत नाही.

रानगुलाबाचं फूल साधं असतं. पाच पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका. आपल्या टपोऱ्या गुलाबातल्या जास्तीच्या पाकळ्या म्हणजे मूळचे केसरच, पाकळ्यांत बदललेले. म्हणून भरगच्च फुलात मधमाशीला काही मिळत नाही आणि साध्या फुलावर ती रमते.

आता महत्त्वाची गोष्ट. बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात. आधी हिवाळा व्हावा लागतो, मग वसंतात फुलं. आपल्याकडे हिवाळा कुठला? इथे रात्रीचं तापमानही साधारण २३ ते २५ अंश असतं. हिमालयातला पांढरा, सुगंधी कुजा गुलाब इथे आणून लावला तर वेल वाढेल, पाला येईल, फुलांची वाट बघत आपण म्हातारे होऊ!

मग बारमाही गुलाब आला कुठून?

आला चीनमधून. चीनच्या बागांमध्ये फार पूर्वी गुलाबाच्या एका जातीत असा बदल झाला की तिच्या फुलण्यावरचा ब्रेकच निकामी झाला. त्या ब्रेकचं काम करणारं जनुक शास्त्रज्ञांनी शोधून २०१२ साली प्रसिद्ध केलं. नवीन फांदी आली की तिच्या टोकाला कळी, मग हिवाळा असो वा नसो. हे चायना गुलाब अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोचले, काही तर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्त्यामार्गे. १७९२ च्या सुमारास लाल चायना आणि लगोलग गुलाबी ‘ओल्ड ब्लश’ इंग्लंडात गेला. आज जगात जे जे गुलाब वर्षभर फुलतात, त्यांच्या बहुतेकांच्या अंगात हे चिनी रक्त आहे.

पण त्यानंतर युरोपातल्या लोकांनी त्यांचा संकर आपल्या थंड हवेला सोसतील अशा गुलाबांशी केला. मोठं फूल, लांब दांडा, बर्फ झेलण्याची ताकद हे सगळं आलं आणि उकाडा-दमटपणा सोसण्याची ताकद पातळ झाली. ते नातवंड आपण नर्सरीतून आणतो. शिवाय ते बहुतेक वेळा कॅमरन हायलंड्ससारख्या दीड हजार मीटर उंचीच्या थंड जागी वाढवलेलं असतं. हिल स्टेशनच्या पोराला एकदम एचडीबीच्या बाराव्या मजल्यावर आणायचं आणि वर म्हणायचं, नीट जेवत नाही!

आपल्या देशातले तीन रानगुलाब

इथे भारतातल्या तीन रानगुलाबांची ओळख करून देते, कारण उष्ण देशातल्या गुलाबांची पुढची गोष्ट त्यांच्यापाशी आहे.

पहिला मणिपूरचा, ‘रोझा जायगँटिया’. नावाप्रमाणे राक्षसी. झाडांवर चढत दहा-बारा मीटर सहज जाणारा वेल, आणि पाच पाकळ्यांचं दुधी रंगाचं, तळहाताएवढं फूल. १८८२ साली जॉर्ज वॉट यांना तो मणिपूरच्या शिरुई डोंगरावर दिसला. चहाच्या पानासारखा हलका सुवास असलेल्या ‘टी’ गुलाबांचा हा पूर्वज.

दुसरा निलगिरी-पळणीच्या डोंगरातला ‘रोझा लेशेनॉल्टियाना’. पांढऱ्या फुलांचा, उंच चढणारा, सह्याद्रीच्या दक्षिण टोकाचा रहिवासी.

तिसरा माझा सगळ्यात लाडका, ‘रोझा क्लायनोफिला’. बंगाल, बिहार, बांगलादेशातल्या नदीकाठच्या पाणथळ जागांत राहणारा. पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उभा राहतो आणि पाणी ओसरलं की पुन्हा पालवतो. पांढरं, पाच पाकळ्यांचं फूल. खऱ्या अर्थाने उष्ण, दमट मुलखातला रानगुलाब म्हणून जाणकार याच्याकडे बोट दाखवतात. एरवी गुलाबाला ‘पाय ओले’ अजिबात खपत नाहीत. हा मात्र पाण्यात उभा राहून पाऊस अंगावर घेतो.

या रानगुलाबांचं मोल ज्यांनी ओळखलं ते म्हणजे कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन. वीरराघवन आयएएस अधिकारी होते. १९८० साली त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पुढचं आयुष्य गुलाबांना दिलं. त्यांचा विचार असा, की थंड देशांसाठी घडवलेले गुलाब आपण गरम देशात किती दिवस लाडाने जगवणार? आपल्याच रानातले गुलाब घेऊन आपल्या हवेचे गुलाब का घडवू नयेत? त्यांनी जायगँटिया आणि क्लायनोफिला यांचे बागेतल्या गुलाबांशी संकर करून नव्या जाती तयार केल्या. त्यातल्या एकीला त्यांनी ‘सर जॉर्ज वॉट’ असं नावही दिलं. जग तापत चाललंय, तेव्हा हे काम एकट्या भारताच्या उपयोगाचं राहिलेलं नाही.

आणि म्हणूनच काळजीही वाटते. पाणथळ जागा बुजवल्या, नदीकाठ बांधून काढले की क्लायनोफिलासारखं झाड गुपचूप जातं. त्याचं फूल बाजारात विकायला येत नाही, त्यामुळे ते गेल्याचं कुणाला कळतही नाही. उद्याच्या गुलाबाला लागणारा ओलावा सोसण्याचा गुण मात्र त्याच्याबरोबर जातो.

आपल्या कुंडीसाठी काय निवडायचं?

आता तुम्ही उद्या नर्सरीत जाऊन ‘क्लायनोफिला द्या’ म्हणालात तर तो माणूस तुमच्याकडे बघतच राहील. तो इथे मिळत नाही. मग जे मिळतं त्यात घराणं बघायचं.

एक, चायना गुलाब आणि त्यांच्या जवळची मंडळी: लहान फुलांचे, झुपक्याने येणारे, पानं बारीक आणि चकचकीत. ‘ओल्ड ब्लश’ मिळाला तर सोडू नका. ‘म्युटाबिलिस’ नावाचा चायना तर दिसायला थेट रानगुलाब. पाचच पाकळ्या, उमलताना पिवळसर, मग गुलाबी, शेवटी किरमिजी. एकाच झाडावर तिन्ही रंग.

दोन, आपला गावठी गुलाब, ज्याला हार-गुलकंदवाले ‘एडवर्ड’ म्हणतात. याची गोष्ट मजेदार आहे. हिंदी महासागरात रियुनियन नावाचं बेट आहे, जुनं नाव बूर्बाँ. तिथे शेताच्या कुंपणाला गुलाब लावत, एक दमास्क आणि एक चायना. त्या कुंपणातच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दोघांचा आपोआप संकर झाला आणि ‘रोझ एदुआर’ जन्माला आला. जाणकार आपल्या एडवर्डचं मूळ तिथे सांगतात. म्हणजे हा गुलाब उष्ण बेटावरच जन्मलेला! सुगंध असा की एका फुलाने देवघर भरतं.

पण भारतातून येताना बॅगेत ओल्या फडक्यात गुंडाळून काडी आणायचा मोह मात्र आवरा. इथे झाडं आणायला एनपार्क्सचा आयात परवाना आणि भारतातलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. नियम उगाच नाही. एका काडीबरोबर कीड आणि रोगही देश बदलतात.

आणि एक लक्षात ठेवा. फुलवाल्याकडच्या किंवा नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या गुलाबाचा गुलकंद करू नका. ती फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात, त्यांच्यावर औषधं मारलेली असतात. गुलकंद घरच्या, बिनफवारणीच्या फुलांचाच.

निगा: महाराष्ट्रातलं इथे जसंच्या तसं चालत नाही

छाटणीपासून सुरू करते. आपल्याकडे पाऊस संपला की ऑक्टोबरात कडक छाटणी करायची आणि दीड महिन्याने फुलं मोजायची, ही पद्धत. ती चालते कारण पुढे थंडी असते. इथे झाडाला झोपच नाही, बारा महिने ते जागं. कडक छाटलं तर पुन्हा उभं राहायला त्याच्याकडे साठा नसतो. म्हणून इथे हलकी छाटणी: फूल सुकलं की खालच्या दोन पानांसह काढा, मेलेली काडी काढा, आत गर्दी करणारी फांदी काढा. बस्स.

ऊन निदान सहा तासांचं हवं. कॉरिडॉर पूर्वेकडे असेल तर नशीबवान आहात. सकाळचं ऊन पानावरचा ओलावा लवकर सुकवतं. हे महत्त्वाचं, कारण काळ्या ठिपक्यांच्या बुरशीला पान सलग सात-एक तास ओलं मिळालं की ती रुजते. इथली दमट रात्र तिच्यासाठी मेजवानीच. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर झाडाला आंघोळ घालू नका. पाणी सकाळी, मुळाशी. ठिपक्यांची पानं रोज वेचा आणि कचऱ्यात टाका, कुंडीत कुजू देऊ नका.

छपराखालच्या कॉरिडॉरात उलटी अडचण येते. पाऊस लागत नाही, त्यामुळे पानाच्या खालच्या बाजूला लाल कोळी होतो. पानं मळकट, भुरकट दिसायला लागली की समजा. आठवड्यातून दोनदा सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा. सकाळीच, म्हणजे दुपारपर्यंत पानं कोरडी होतात.

कुंडी निदान ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल. माती नर्सरीत मिळणारी भाजलेली माती, कंपोस्ट आणि पाणी झिरपू देणारी भरड खडी अशी मिसळा. नुसतं कंपोस्ट भरलं तर ते सहा महिन्यांत बसतं आणि मुळं गुदमरतात. खत थोडं थोडं पण वेळच्या वेळी, कारण इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरवर पाऊस पडतो आणि उघड्यावरच्या कुंडीतलं खत धुऊन नेतो.

काडीपासून रोप करायचं तर पेन्सिलीएवढी जाड, नुकतंच फूल येऊन गेलेली काडी घ्या. वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली. ओल्या, भुसभुशीत मातीत, सावलीत लावा. इथली दमट हवा इथे मात्र आपल्या बाजूने असते. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. असं स्वतःच्या मुळावरचं रोप मला कलमापेक्षा बरं वाटतं. खालून फुटवा आला तरी तो आपलाच!

आणि आता दोन गोष्टी, ज्यांवर तडजोड नाही. कॉरिडॉरमध्ये आगीच्या वेळी बाहेर पडायला १.२ मीटर रुंद वाट मोकळी लागते, आणि कठड्यावर कुंडी ठेवायची नाही. दुसरी गोष्ट डेंग्यूची. कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी रोज ओता. वरची माती घट्ट झाली तर खुरप्याने मोकळी करा, तिच्यावर साचलेल्या पाण्यातही डास होतात. हे ताटलीचं काम घरातल्या मुलांकडे द्या. आमच्या मजल्यावर शेजारच्या चिनी आजी आणि माझी मुलगी मिळून सगळ्या ताटल्या बघतात. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, काम मात्र चोख होतं.

आणि इथला रानचा माणूस?

एवढं करूनही काही घरांत गुलाब जगणार नाही. ऊनच नसेल तर काय करणार? किंवा ऊन भरपूर असेल, पण रोज ठिपके वेचायला वेळ नसेल. ज्यांना ऊन आहे त्यांच्यासाठी इथल्या रानातली दोन झुडपं सुचवते.

एक ‘कमुंटिंग’. इंग्रजीत याला ‘रोझ मर्टल’ म्हणतात, म्हणजे नावात गुलाब आहेच. आपल्या पेरू-जांभळाच्या कुळातलं झुडूप. पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं, मधे केसरांचा झुबका. लांबून बघणारा रानगुलाबच समजेल. वर जांभळी, गोड फळं. आपल्या निलगिरीतही हे सापडतं.

दुसरं ‘सेंदुदोक’. उघड्या रानात, रस्त्याकडेला तुम्ही पाहिलं असेल. मोठी जांभळी-गुलाबी पाच पाकळ्यांची फुलं. याच्या शास्त्रीय नावात मलबार आहे आणि आपल्या पश्चिम घाटातल्या ओलसर जागांतही ते वाढतं. निकस, आंबट जमिनीतही मजेत राहतं. फळ खाल्लं की तोंड काळं-निळं होतं. पक्ष्यांना फार आवडतं. भुंगे त्याच्या फुलाला धरून पंखांचा गुणगुणाट करतात, तेव्हा पराग बाहेर उडतो. सकाळी चहा घेत बघण्यासारखं आहे!

देवाला गुलाबच हवा असं कुणी म्हणेल. माझी आई इथे आली तेव्हा तिने पहिल्या दिवशी विचारलं, "इथे काय फुलतं?" आणि जे फुललं ते वाहिलं. घरात यावर वाद झाला नाही.

शेवटचं

ज्यांच्याकडे गुलाब आधीच आहे आणि कुरकुरतोय, त्यांनी तो फेकू नका. जागा बदलून बघा, पाण्याची वेळ बदला, दोन महिने द्या. नाहीच जमलं तर पुढच्या वेळी फुलापेक्षा पान बघून रोप निवडा. आणि ज्यांनी तीन कुंड्यांनंतर सोडून दिलं त्यांनी कृपा करून "माझ्या हाताला झाड लागत नाही" असं मुलांसमोर म्हणू नका. मुलं ते खरं मानतात आणि मग तीही हात लावत नाहीत.

बाहेर टेबलावर माझ्याकडच्या लाल चायनाच्या बारा काड्या मुळं धरलेल्या ठेवल्या आहेत. ज्यांच्याकडे सहा तास ऊन आहे त्यांनी आधी घ्या. ज्यांना मिळणार नाहीत त्यांनी नाव लिहून ठेवा, पुढच्या कार्यक्रमाला आणखी करून आणते. नेणाऱ्यांना एकच अट: झाड मोठं झालं की त्याच्या दोन काड्या दुसऱ्या कुणाला तरी द्यायच्या. आता प्रश्न विचारा, पण जरा लवकर. बटाटेवडे गार होतायत!